मोटारघरांतील वीज आणि तिचा हिशेब

गेल्या नाताळच्या सुटीच्या सुमारास आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. ही मुलगी सध्यां उच्च शिक्षणासाठीं स्कॉटलंडमध्यें राहते. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस चार दिवसांची सुटी मिळाली, तेव्हां तिनें व तिच्या दोन मैत्रिणींनीं मिळून एक मोटारघर भाड्यानें घेतलें आणि त्या देशाच्या वायव्य किनाऱ्यावर, टॉरिडन नांवाच्या डोंगराळ भागांत, एका खाडीच्या कांठीं मुक्काम केला. जवळपास वस्ती नव्हती, आणि विजेची तार तर नव्हतीच. सुटी संपतांच एक निबंध विद्यापीठास सादर करावयाचा होता. तो पुरा करण्यासाठीं तिनें आपला लॅपटॉप बरोबर नेला होता. पहिला दिवस सुखाचा गेला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मात्र लॅपटॉपला मिळणारी वीज एकाएकीं बंद पडली. त्याच्या स्वतःच्या पोटांतील विजेवर आणखी तासदीड तास काम चाललें, मग पडदाहि काळा झाला. पुढें दिवे मंदावले, आणि शेवटीं घर ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीचा पंखाहि थांबला. बाहेर पाऊस आणि वारा, आंत काळोख आणि थंडी, अशा स्थितींत तिघींनीं असतील नसतील तेवढे कपडे अंगावर घालून ती रात्र काढली. निबंध एक दिवस उशिरां पोहोंचला आणि त्याबद्दल त्याचे गुण कापले गेले.

पत्राच्या शेवटीं तिनें विचारलें आहे, "बॅटरी चांगली होती. छपरावर सौरपट्टी होती. स्वयंपाक आम्ही गॅसवर करीत होतों. एका लहानशा लॅपटॉपाखेरीज आम्हीं विशेष असें कांहींच चालविलें नाहीं. मग वीज गेली कोठें?"

प्रश्न सरळ आहे, आणि त्याचें उत्तर शाळेंत शिकलेल्या गुणाकार-भागाकारानें देतां येतें. तें उत्तर केवळ तिच्याच उपयोगाचें आहे असें नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केल्यापासून मोटारघर ही वस्तु आपल्याकडेहि सर्वस्वीं अपरिचित राहिलेली नाहीं. शिवाय, वीज गेली असतां ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर लागतो त्या सर्वांच्या घरीं हाच प्रश्न लहान प्रमाणांत उभा असतो. म्हणून त्याचा विचार आम्ही येथें थोडा विस्तारानें करीत आहों.

मोटारघर म्हणजे चाकांवर चालणारें घर. त्यांत निजण्याची जागा, लहानसें स्वयंपाकघर, पाण्याची टांकी, दिवे आणि शेगडी इतकीं साधनें असतात. अशा वाहनांत सामान्यतः दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. पहिली इंजिन सुरू करण्यासाठीं. तिला क्षणभर फार मोठा प्रवाह द्यावा लागतो, म्हणून तिच्यांतील शिशाच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. दुसरी घरासाठीं. तिला थोडा थोडा प्रवाह तासनतास द्यावयाचा असतो, म्हणून तिच्या पट्ट्या जाड असतात. मुक्कामाच्या वेळीं या दोन बॅटऱ्या एकमेकींपासून तोडलेल्या ठेवितात. आमच्या विद्यार्थिनीचें इंजिन सकाळीं सुरू झालें आणि त्या तिघी सुखरूप परत आल्या, याचें श्रेय या व्यवस्थेसच दिलें पाहिजे. घरची बॅटरी रिती झाली तरी इंजिनाची भरलेली होती.

आतां हिशेबास लागणारीं मापें पाहूं. विहिरींतील पाणी नळानें काढावयाचें असेल तर तीन गोष्टी विचारांत घ्याव्या लागतात: पाण्याचा दाब किती, नळांतून प्रवाह किती, आणि विहिरींत एकंदर पाणी किती. विजेचा दाब व्होल्टमध्यें मोजतात. १८०० सालीं पहिली विद्युत्-राशि जगापुढें मांडणाऱ्या व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाचें तें नांव आहे. प्रवाह अँपियरमध्यें मोजतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट मिळतात. काम किती वेगानें चाललें आहे हें त्यावरून कळतें. ज्या जेम्स वॅटचें नांव या मापास दिलें तो स्कॉटलंडचाच. त्याचा जन्म तेथील ग्रीनॉक या गांवीं १७३६ सालीं झाला. कामाचा हा वेग किती तास चालला त्या तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास होतात. विहिरींतील पाण्याचा सांठा म्हणजे हे वॅट-तास. बहुतेक लोक वॅट तेवढे पाहतात आणि तास विसरतात. लहान उपकरण फार वेळ चाललें तर मोठ्या उपकरणाइतकेंच खातें, हें ध्यानांत न राहिल्यामुळें सगळा घोटाळा होतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या मोटारघरांत १२ व्होल्टची, १०० अँपियर-तासांची एक शिशाची बॅटरी होती. १२ आणि १०० यांचा गुणाकार १२००. म्हणजे बॅटरींत नांवापुरते १२०० वॅट-तास होते. परंतु हा सगळा सांठा वापरावयाचा नसतो. शिसें आणि गंधकाम्ल यांची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी ही बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केली. तिच्यांतून वीज काढतांना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें एक सल्फेट जमतें, आणि भरतांना तें पुन्हां विरघळतें. बॅटरी फार खोलपर्यंत रिती केली, किंवा रिती करून तशीच ठेविली, तर या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजीं विरघळत नाहींत. तितकी बॅटरी कायमची मेली असें समजावें. म्हणून शिशाच्या बॅटरींतून अर्ध्याहून अधिक वीज काढूं नये असा जाणत्यांचा नियम आहे. एकंदरींत १२०० पैकीं खर्चावयाचे ६०० वॅट-तासच. उरलेले ६०० मोडावयाचे नव्हत अशी ठेव आहे. तशांत थंडींत रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरी आपल्या अंकित मापाहून कमीच देते.

अलीकडे अनेक मोटारघरांत लिथियम, लोह व फॉस्फेट यांची बॅटरी बसवितात. तिच्यांतील आठ-नऊ दशांश सांठा निर्धास्तपणें वापरतां येतो, आणि वजनहि पुष्कळ कमी असतें. परंतु तिची किंमत अधिक, आणि पाणी गोठण्याइतक्या थंडींत तिला वीज भरूं नये असा कडक निर्बंध आहे. भरल्यास आंत धातुरूप लिथियम साचून ती बिघडते. उत्तरेकडील हिवाळ्यांत हें पथ्य पाळावेंच लागतें.

बॅटरीचें झालें, आतां लॅपटॉपकडे वळूं. लिहिणें-वाचणें असें साधें काम चाललें असतां लॅपटॉप १० ते २० वॅट खातो. पडदा पूर्ण उजळ ठेविला आणि पुष्कळ कामें एकदम चालविलीं तर ३० वॅट किंवा त्याहूनहि अधिक. त्याच्या पोटांतील बॅटरी बहुधा ५० ते ६० वॅट-तासांची असते. त्याच्या चार्जरावर ६५ वॅट असें लिहिलेलें आढळतें. परंतु तें त्याचें कमाल सामर्थ्य होय, नित्याचा खर्च नव्हे. अडचण अशी कीं, लॅपटॉपास सामान्यतः १९ किंवा २० व्होल्टचा दाब लागतो आणि मोटारघराची बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून लॅपटॉपची तार बॅटरीस नुसती जोडून भागत नाहीं, आणि तसा प्रयत्न कोणीं करूंहि नये. दाब वाढविणारें कांहींतरी साधन मध्यें असावें लागतें. हें दोन मार्गांनीं साधतें.

पहिला मार्ग इन्व्हर्टरचा. इन्व्हर्टर हें यंत्र बॅटरीच्या १२ व्होल्टच्या, एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहाचें घरच्यासारख्या २३० व्होल्टच्या, क्षणोक्षणीं दिशा बदलणाऱ्या प्रवाहांत रूपांतर करितें. त्यास लॅपटॉपचा नेहमींचा चार्जर लावावयाचा. आतां तो चार्जर काय करितो? तो २३० व्होल्टचे पुन्हां २० व्होल्ट करितो आणि प्रवाह पुन्हां एकाच दिशेचा करितो. म्हणजे १२ व्होल्टवरून २० व्होल्टवर जाण्यासाठीं आपण आधीं २३० व्होल्टचा डोंगर चढलों आणि मग पलीकडून उतरलों. यालाच आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. चढतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते, उतरतांना आणखी कांहीं. इन्व्हर्टर शंभरांतले सुमारें ८५ पुढें देतो, चार्जर सुमारें ८८. लॅपटॉपच्या ३० वॅटांसाठीं चार्जरास ३४ वॅट लागतात, आणि त्या ३४ साठीं बॅटरींतून ४० वॅट काढावे लागतात.

दुसरा मार्ग सरळ. मोटारीच्या खोबणींत बसणारा, १२ व्होल्टचे एकदम २० व्होल्ट करणारा लहानसा चार्जर मिळतो. तो शंभरांतले ९० च्या आसपास पुढें देतो. म्हणजे ३० वॅटांसाठीं बॅटरींतून सुमारें ३३ वॅट. हल्लींच्या पुष्कळ लॅपटॉपांस यूएसबी-सी नांवाची चपटी खोबण असते. तींत चार्जर व लॅपटॉप प्रथम आपसांत संकेतांनीं बोलणी करितात, आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट यांपैकीं जो दाब दोघांस मानवेल तोच प्रवाहांत सोडतात. २०२१ सालच्या सुधारणेपासून या पद्धतीनें २४० वॅटपर्यंत शक्ति देतां येते. परंतु साध्या लॅपटॉपास ६५ वॅटचा चार्जर पुरतो. मात्र तो घेतांना त्याचा अंक आपल्या लॅपटॉपच्या मूळ चार्जराच्या अंकाशीं ताडून पहावा. फोनापुरता केलेला १५-२० वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप एक तर वीज घेण्याचें नाकारील, किंवा भरण्यापेक्षां अधिक वेगानें रिता होत जाईल.

येथें वाचक म्हणतील कीं, ४० आणि ३३ यांत अंतर तें केवढें? सहा तास काम केलें तर एका मार्गानें २४० वॅट-तास, दुसऱ्यानें सुमारें २००, वाचले ४०. एवढ्यासाठीं द्राविडी प्राणायामाची थट्टा कशाला? आक्षेप रास्त आहे. खरी गळती तेथें नाहींच. खरी गळती अशी कीं, इन्व्हर्टर एकदां चालू केला म्हणजे त्याला कांहीं जोडलेलें असो वा नसो, तो स्वतःच्या जिवंतपणासाठीं कांहीं वॅट खातच राहतो. मध्यम आकाराच्या इन्व्हर्टरचा हा रिकामा खर्च ८ वॅट धरला, तर काम संपल्यावर उरलेल्या १८ तासांत तो १४४ वॅट-तास गिळतो. आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं उलट टपालीं विचारलें, तेव्हां तिनें कबूल केलें कीं, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा दोन्ही दिवस जळतच होता. तो बंद करावा लागतो हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि तिलाहि तें सुचलें नव्हतें.

आतां तिच्या एका दिवसाचा जमाखर्च मांडूं. शेगडी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. सरासरी २० वॅटप्रमाणें १० तास, म्हणजे २०० वॅट-तास. दिवे १० वॅट, ५ तास, म्हणजे ५०. फोन आणि पाण्याचा पंप मिळून ३०. लॅपटॉप, पडदा पूर्ण उजळ, इन्व्हर्टरमार्गें सहा तास, २४०. इन्व्हर्टरचा रिकामा खर्च १४४. एकूण खर्च ६६४.

जमेस काय होतें? छपरावर १०० वॅटची सौरपट्टी. नांव १०० वॅट असलें तरी तो अंक प्रखर ऊन पट्टीवर सरळ पडलें असतांचा. टॉरिडन सुमारें ५७॥ अक्षांशांवर आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तेथें भर दुपारींहि सूर्य क्षितिजावर जेमतेम २० अंश चढतो. त्याच दिवशीं पुण्यास तो सुमारें ६० अंशांवर असतो. छपरावर आडव्या पडलेल्या पट्टीवर इतकें तिरपें ऊन पडलें म्हणजे तें पसरून पातळ होतें. त्यांतहि दिवस सुमारें साडेनऊ तासांचा, आणि आकाश बहुतेक ढगाळ. अशा दिवसाचे १०० वॅट-तास मिळाले असें धरणें म्हणजे उदारपणाच होय. ६६४ मधून १०० वजा जातां रोजचें देणें ५६४.

आतां उत्तर डोळ्यांपुढें उभें राहतें. खर्चावयाचे ६०० वॅट-तास पहिल्याच दिवशीं संपत आले. दुसऱ्या दिवशीं तिघीजणी ठेव मोडून खात होत्या, आणि त्यांना त्याची वार्ताहि नव्हती. कारण दिवा लागत होता, पडदा उजळ होता, सर्व कांहीं कालच्यासारखेंच दिसत होतें. दोन दिवसांचें देणें ११२८. कागदावर ७२ शिल्लक दिसतात. परंतु थंडीनें बॅटरीचें माप आधींच उणें केलें होतें, आणि दाब ठराविक मर्यादेखालीं जातांच इन्व्हर्टर व शेगडी आपोआप बंद पडावीं अशी त्यांची रचनाच असते. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

दुःखाची गोष्ट ही कीं, यांतील बराचसा खर्च टाळतां येण्यासारखा होता. इन्व्हर्टर मुळींच न लावतां सरळ चार्जर वापरला असता तर १४४ चा रिकामा खर्च पार नाहींसा झाला असता. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून, नको असलेलीं कामें बंद करून, लॅपटॉपचा खर्च ३० वॅटवरून २० वर आणतां येतो. सहा तासांचे १२० आणि चार्जराची तूट धरून सुमारें १३३. शेगडी, दिवे, फोन यांचे २८० तसेच ठेवूं. थंडीच्या देशांत ऊब कमी करा असा उपदेश आम्ही करणार नाहीं. एकूण ४१३. सौरपट्टीचे १०० वजा जातां देणें ३१३.

आणखी एक युक्ति आहे. इंजिन चालू असतां त्याबरोबर फिरणारें वीजयंत्र दोन्ही बॅटऱ्या भरीत असतें. दिवसाकाठीं तासभर प्रवास होतच असेल, तर लॅपटॉप त्या तासांत भरून घ्यावा. त्याच्या पोटांत ५०-६० वॅट-तास मावतात. तेवढा भार रात्रीं घरच्या बॅटरीवर पडत नाहीं, आणि देणें २५० च्या आसपास येतें. त्याच तासांत २० अँपियर प्रवाह घरच्या बॅटरींत गेला तर २४० वॅट-तास परत मिळतात. म्हणजे जमाखर्चाची जवळजवळ तोंडमिळवणी झाली, आणि त्यासाठीं एक लहानसा चार्जर एवढेंच काय तें विकत घ्यावें लागलें. दुसरी बॅटरी नको, मोठी सौरपट्टी नको. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नव्या धाटणीच्या कित्येक वाहनांत हें वीजयंत्र इंधन वांचविण्यासाठीं मधून मधून आपला दाब उतरवितें. तेथें घरच्या बॅटरीसाठीं मध्यें वेगळा चार्जर बसवावा लागतो. आणि शिशाच्या बॅटरीचा शेवटचा भाग फार सावकाश भरतो. तासाभराच्या प्रवासानें ती कधींच पूर्ण भरत नाहीं. म्हणून अधूनमधून एखाद्या तळावर विजेची जोडणी घेऊन ती रात्रभर भरूं द्यावी.

हिशेब बरोबर आला तरी तारांकडे दुर्लक्ष केलें तर तो फसतो. दाब जितका कमी तितका त्याच शक्तीसाठीं प्रवाह अधिक लागतो, आणि प्रवाह अधिक म्हणजे तारेंतील तूट अधिक. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण जोरानें चालला तर १२ व्होल्टच्या बाजूस सुमारें ६ अँपियर ओढतो. बॅटरीपासून खोबण ५ मीटर दूर असेल तर जाऊन येऊन तार १० मीटर झाली. तांब्याची तार १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा रोध सुमारें ०.१२ ओहम, ६ नें गुणितां ०.७ व्होल्टची तूट. बॅटरींत १२.२ व्होल्ट असतां चार्जरापर्यंत ११.५ च पोहोंचतात, आणि बॅटरी संपली असें समजून चार्जर बंद पडतो. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घातली तर तूट पाव व्होल्टच्या आसपास येते. बॅटरी मेली म्हणून रडणाऱ्या पुष्कळांची बॅटरी शाबूत असते. तार तेवढी बारीक असते.

तार बारीक असण्यांत याहूनहि मोठा धोका आहे, आणि तो आगीचा. २३० व्होल्टच्या झटक्याची आपल्या मनांत धास्ती असते, परंतु १२ व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी वाटते. तिचा झटका बसत नाहीं हें खरें; पण तिचीं दोन टोकें चुकून एकत्र आलीं तर ती क्षणांत शेंकडों अँपियर सोडते आणि तार लालभडक होते. लांकूड, कापड आणि गॅसची टांकी इतक्या जवळ असलेल्या घरांत याचा परिणाम काय होईल तें सांगावयास नको. म्हणून प्रत्येक तारेस, बॅटरीच्या धन टोंकापासून अगदीं जवळ, फ्यूज असलाच पाहिजे. आणि तो तारेस सोसेल एवढ्याच मापाचा पाहिजे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणें म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधणें होय. या जोडण्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करूं नयेत. जाणत्या कारागिराकडून करवून घ्याव्या. तसेंच, वीज भरण्यासाठीं इंजिन किंवा जनित्र चालवावयाचें तर त्याचा धूर निजण्याच्या जागेंत शिरणार नाहीं याची खबरदारी घ्यावी. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड वायूस वास नसतो, आणि झोपलेल्या माणसास तो जागें करीत नाहीं.

शेवटचा प्रश्न असा, कीं आडांत किती पाणी उरलें हें कसें ओळखावें? शिशाच्या बॅटरीस कांहीं तास विसांवा देऊन व्होल्टमापक लावला तर पूर्ण भरलेली असतां सुमारें १२.७ व्होल्ट दिसतात, आणि अर्धी झाली असतां १२.२ च्या आसपास. १२.२ दिसले कीं हात आंखडावा. काम चालू असतां मात्र हा अंक खालीं दबलेला दिसतो, म्हणून त्यावरून घाईनें निष्कर्ष काढूं नये. लिथियमच्या बॅटरीचा दाब बहुतेक शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. तिच्यासाठीं आंत गेलेले व बाहेर आलेले अँपियर मोजून शिल्लक दाखविणारें मापक बसवावें. ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एका रविवारीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें, बॅटरीवरचा अँपियर-तासांचा अंक वाचावा, प्रत्येक दिव्याचे व पंख्याचे वॅट लिहून काढावे, आणि वीज गेली तर आपलें घर किती तास चालेल याचें गणित करावें. मग पुढल्या वेळीं वीज जाईल तेव्हां तें ताडून पहावें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं हें उत्तर ठाऊक असणें आणि नसणें यांत केवढें अंतर आहे, तें ज्याचें त्यास कळेल.

शुभवर्तमानांतील दहा कुमारिकांचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. त्या दहाहि जणींचे दिवे आरंभीं सारखेच जळत होते. पाच जणींनीं वेगळें तेल बरोबर घेतलें होतें आणि पाच जणींनीं घेतलें नव्हतें, हा भेद मध्यरात्रींच उघड झाला. जळता दिवा तेल किती उरलें आहे हें सांगत नाहीं. टॉरिडनच्या खाडीकांठीं उजळ पडद्यानेंहि तें सांगितलें नाहीं. आमच्या विद्यार्थिनीस आम्हीं वरील हिशेब लिहून पाठविला आहे, आणि ईस्टरच्या सुटींत पुन्हां त्याच किनाऱ्यावर जाण्याचा बेत असल्याचें तिनें उत्तरीं कळविलें आहे. या खेपेस निघण्यापूर्वीं ती प्रथम कागदावर जमाखर्च मांडील, आणि तिच्या निबंधास व तिच्या मैत्रिणींस तिसऱ्या रात्रींहि ऊब आणि उजेड मिळेल, असा आम्हांस भरंवसा वाटतो.